सहावीच्या पहिल्या पालकसभेत काय सांगू? (गृहपाठ, वागणूक, श्रेणी)

सहावी ब (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

पूर्व उपनगरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत शिकवते. यंदा सहावी ब ची वर्गशिक्षिका आहे, गणित आणि विज्ञान माझ्याकडे. येत्या शनिवारी वर्षातली पहिली पालकसभा. दरवर्षी या सभेचा वेळ गणवेश, व्हॅनवाल्याच्या वेळा आणि डब्यात काय द्यावं यातच जातो. मग दिवाळीनंतर पहिल्या सत्राचं प्रगतिपुस्तक हातात पडलं की दाराशी रांग लागते: "बाई, पेपर तर चांगला गेला होता, मग ब-१ कशी?" म्हणून यंदा सुरुवातीलाच एक पानभर लिहून द्यायचं ठरवलंय. माझी अपेक्षा काय, मी काय करणार, काय नाही करणार. मसुदा खाली देते. बिनधास्त चिरफाड करा.

गृहपाठ: गणिताचा आठवड्यातून चार दिवस, पुस्तकातल्या सरावसंचातली चार-पाच उदाहरणं, अर्ध्या तासात उरकतील इतकी. शनिवारी काही नाही. उदाहरण मुलानेच सोडवायचं. अडलं तर जिथवर जमलं तिथवर लिहायचं, पुढे प्रश्नचिन्ह काढायचं आणि वही घेऊन यायचं. तो गृहपाठ मी पूर्ण धरीन. घरच्यांनी किंवा क्लासच्या सरांनी चुका दुरुस्त करून देऊ नयेत ही हात जोडून विनंती. गेल्या वर्षीचं सांगते. २/३ + १/४ हे उदाहरण घरी दिलं होतं. दुसऱ्या दिवशी वह्यांत सगळीकडे ११/१२, छेद समान करून, उत्तराखाली दोन रेघा मारून. सहज म्हणून तसलंच दुसरं उदाहरण फळ्यावर सोडवायला बोलावलं, तर एकामागून एक मुलं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून मोकळी. नुसत्या वह्यांवर गेले असते तर त्याच दिवशी पुढचं प्रकरण सुरू केलं असतं. चुकलेली वही माझ्या कामाची असते. अशी बिनचूक वही फार तर क्लासच्या जाहिरातीला उपयोगी.

वागणूक: मारणार नाही, अंगठे धरायला लावणार नाही, दाराबाहेर उभं करणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही बंदच आहेत, पण ते कलम नसतं तरी केलं नसतं. शिवीगाळ, मारामारी, दुसऱ्याची वही उतरवणं, वर्गात मोबाईल यातलं काही घडलं तर पहिल्यांदा मधल्या सुट्टीत मुलाशी बोलेन, दुसऱ्यांदा डायरीत लिहीन, तिसऱ्यांदा घरच्यांना बोलावीन. पावसात लोकल अडकली किंवा वस्तीत पाणी भरलं तर उशिराची चौकशी नाही. कोरड्या दिवशी उशीर झाला तर कारण मूल स्वतः सांगेल, चिठ्ठी नको.

श्रेणी: २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने आलेलं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन. सहावीला आकारिक ५० आणि संकलित ५०. म्हणजे सत्र संपताना जी परीक्षा होते ती निम्म्याच गुणांची. बाकीचे ५० सत्रभर थोडे थोडे जमतात: निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचण्या, स्वाध्याय-वर्गकार्य यातून. ९१ पासून पुढे अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, अशी दहा-दहाची उतरंड. पेपर उत्तम जाऊनही ब-१ येते ती यामुळे.

आता ज्यासाठी धागा काढला ते. मसुद्यात एक ओळ आहे: महिन्यात तीनपेक्षा जास्त गृहपाठ राहिले तर स्वाध्यायाच्या १० गुणांत कपात, आणि वर्गात सतत गोंधळ केला तर निरीक्षणाच्या गुणांत कपात. स्टाफरूममध्ये निम्मे म्हणतात हवीच, नाहीतर कोणी वही उघडणार नाही. माझा पेन त्या ओळीवर अडलाय. तुमचं काय मत?

कांदिवलीकर

असं पान आमच्या शाळेने कधी दिलं असतं तर फ्रेम करून लावलं असतं.

पण त्यात प्रकल्पाबद्दल अवाक्षर नाही. आमच्या स्टेशनबाहेर एक झेरॉक्सवाला आहे. त्याला नुसती इयत्ता आणि विषय सांगायचा. तो गल्ल्याखालच्या खणातून तयार फाईल काढतो. रंगीत प्रिंट, स्पायरल, शेवटच्या पानावर ऋणनिर्देशसुद्धा छापलेला: "माझ्या आदरणीय ______ बाईंची मी आभारी आहे." गाळलेल्या जागी फक्त नाव घालायचं. जलचक्राच्या प्रकल्पाला मी हट्टाने ती फाईल घेतली नाही. लेकीने स्वतः काढलं, तिचा ढग सोललेल्या बटाट्यासारखा दिसत होता. तिला १० पैकी ६, फाईलवाल्यांना ९. आता ती मला म्हणते, आई पुढच्या वेळी पन्नास रुपये देच.

ही कपात कुठल्या खात्यात घालायची?

अनुस्वार

"अर्ध्या तासात उरकतील" यावर. केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला फार तर दोन तास, सहावी ते आठवी रोज फार तर एक तास, नववीपासून पुढे दोन तास असं आहे. तो एक तास सगळ्या विषयांचा मिळून आहे. तुम्ही अर्धा घेतलात, इंग्रजीने अर्धा घेतला, मग मराठी, हिंदी आणि इतिहास-भूगोलवाल्यांनी काय करायचं? प्रत्येक जण आपापल्या परीने "थोडासाच" देतो आणि पोरगं रात्री अकराला भूगोलाचा नकाशा रंगवत बसतं. वर्गाच्या सगळ्या शिक्षकांनी वार वाटून घेतल्याशिवाय तुमच्या या पानाला अर्थ नाही.

ड्यूक विद्यापीठाच्या हॅरिस कूपर यांनी २००६ मध्ये गृहपाठावरच्या अमेरिकेतल्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. गृहपाठ आणि यश यांचा संबंध सातवीपासून पुढे बराच दिसतो, खालच्या वर्गांत फारच कमी. इयत्तेमागे दहा मिनिटं या ठोकताळ्याला त्यांचाही दुजोरा आहे. त्या हिशेबाने सहावीला एक तास येतो, पुन्हा सगळे विषय मिळून.

शंकासुर

इथे सगळेच फार हळवे झालेत. जरा आकडे बघू.

२०१९ ला दहावीच्या भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले अंतर्गत गुण काढले. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत दिले, निकाल ९५.३०. २०२१ ला परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या शाळेतल्या लेखी कामाचे ३०, गृहपाठ-तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असं धरलं आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. शाळेच्या हातातले गुण म्हणजे खिरापत हे मुलांना चांगलंच ठाऊक आहे. सहावीत गृहपाठ बुडवून १० पैकी १० मिळत असतील तर तो का करावा? कापा. दोनदा कापले की तिसऱ्यांदा वही येते.

आणि आता आठवीपर्यंत कोणालाच नापास न करण्याच्या ढकलगाडीचे दिवसही संपले. २०१९ ला शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली, राज्याने २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणली. पुनर्परीक्षेतही नापास झाला तर त्याच वर्गात. तुमची सहावी दोन वर्षांनी त्या दारात उभी राहणार आहे.

गिरणगाव

@शंकासुर, तुमचे आकडे खरे, पण ते शाळा सढळ हाताने गुण वाटतात हे सांगतात. गुण कापले की पोरं शिकतात हे त्यातून कुठे निघालं?

मी चाळीतला. आमच्या मजल्यावर एक सातवीतला मुलगा आहे. दहा बाय बाराची खोली, माणसं सहा. आजोबांना दम्याचा त्रास, त्यांची कॉट खिडकीशी. थोरल्या भावाची पहाटेची ड्युटी, म्हणून साडेनऊला दिवा बंद. आई आठला कामावरून येते, तेव्हा स्टोव्हपाशी जागा लागते आणि पोरांना बाहेर पिटाळलं जातं. हा गॅलरीत कठड्यावर वही ठेवून लिहितो, एका हाताने पान धरून, कारण वारा. गणपतीत मंडळाचा स्पीकर बरोबर त्या गॅलरीच्या तोंडावर. मुलगा हुशार आहे, अपूर्णांक तोंडी करतो. वही मात्र अर्धवट, आणि जुलैत तर भिजून फुगलेली.

त्याचे १० पैकी ४ आणि टॉवरमधल्या पोराचे १० पैकी १०. हे गणिताचे गुण नाहीत, घराच्या क्षेत्रफळाचे आहेत.

आयटीतला बाबा

इंटरेस्टिंग चर्चा. आमच्या मुलाच्या आयसीएसई शाळेत सगळं अॅपवर आहे. गृहपाठ, शेवटची तारीख, कशाला किती गुण, सगळं आधी कळतं. एक दिवस उशीर झाला की १० टक्के जातात. वादच होत नाहीत. सहावी ब मॅडमनी गूगल क्लासरूम वापरून पाहावं, फुकट आहे.

मानखुर्दची बाई

@आयटीतला बाबा, फोन फुकट आहे का हो? माझ्या वर्गात बऱ्याच घरी एकच फोन, आणि तो बाबांबरोबर रिक्षात असतो. रात्री अकराला घरी येतो तेव्हा मूल झोपलेलं. टोमणा मारत नाहीये. गुणांचा आराखडा आधी सांगायचा हा तुमचा मुद्दा मात्र शंभर टक्के पटला, तो कागदावरही होतो.

मी महापालिकेच्या शाळेत आहे. एकाच इमारतीत सकाळचं सत्र, दुपारचं सत्र. मुलं घरी गेली की धाकट्यांना सांभाळतात, पाणी भरतात, काही मुली आईबरोबर मणी ओवतात. मी गृहपाठ वर्गातच सुरू करून देते. तासाची शेवटची दहा मिनिटं राखून ठेवायची. पहिलं उदाहरण माझ्यासमोर, दुसरं शेजाऱ्याबरोबर, उरलेली दोन घरी. ज्याला घरी जमणार नाही तो दुसऱ्या दिवशी पहिल्या दहा मिनिटांत करतो. कुठे केलं याच्याशी मला देणंघेणं नाही, केलं एवढं बास.

आणि तपासणीचं कोणीच विचारलं नाही म्हणून मीच विचारते. सहावी ब ताई, पट किती?

सहावी ब

५२. कायद्यात सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक लिहिलंय, ते आम्ही भक्तिभावाने वाचतो. आठवड्यातून चार गृहपाठ म्हणजे दोनशेवर वह्या, आणि ऑफ तासाला कोणाची तरी बदली. निवडणुकीचं काम आलं की तेही नाही.

मानखुर्दची बाई

तेच म्हणायचं होतं. बावन्न वह्यांवर बरोबरच्या खुणा करत सुटू नका. रोज एकच रांग घ्या, पण पूर्ण वाचा, आणि चुकीच्या पायरीखाली रेघ मारून सोडून द्या, उत्तर लिहू नका. बाकीच्या वह्या मुलं अदलाबदल करून बघतील. हे पालकांना सभेतच सांगायचं, नाहीतर "बाईंनी वही तपासलीच नाही" हा फोटो ग्रुपवर आलाच म्हणून समजा.

चिंचपोकळी

आमच्या बाई फक्त शेवटच्या पानावर सही करायच्या हे कळल्यावर मी वर्षभर शेवटचं पान तेवढं सुवाच्य लिहायचो. चालू द्या.

निवृत्त हेडसर

दोन कपाती आहेत आणि दोन्ही वेगळ्या आहेत. आधी गोंधळाची.

ती काढून टाका. गणिताच्या रकान्यात गोंधळाचे गुण कापले तर पुढच्या वर्षी सातवीच्या शिक्षकांना काय दिसतं? पोरगं गणितात कच्चं आहे. ते त्याला सोप्या उदाहरणांच्या गटात बसवतात, तिथे त्याला कंटाळा येतो, आणि मग गोंधळ दुप्पट. मुख्याध्यापक असताना अशी प्रगतिपुस्तकं सहीला आली की मी परत पाठवायचो, त्यावरून शिक्षकांचा रोषही ओढवून घेतला.

गोंधळाला जागा आहे. वर्णनात्मक नोंदींचे रकाने कशासाठी दिलेत? विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. पण हल्ली त्या नोंदींची तयार पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरते. सत्र संपताना शिक्षक त्यातून उचलतात आणि अख्ख्या वर्गाला "नियमित अभ्यास करतो, सुधारणेस वाव आहे". नोंद अशी हवी की ती वाचून मूल डोळ्यांसमोर उभं राहील. "दुसरा बोलत असताना मध्येच उत्तर सांगून टाकतो, हात वर करण्याची सवय लावत आहोत." हे वाचून बाप घरी काहीतरी करू शकतो. "निरीक्षण: १० पैकी ५" वाचून तो फक्त ओरडू शकतो.

आता गृहपाठाची कपात. इथे मी शंकासुर यांच्या अर्धा बाजूने आहे. गृहपाठाला काहीच किंमत नाही असं झालं तर तो बंद पडतो, हे अनुभवाने सांगतो. पण किंमत बरोबर उत्तराला द्यायची नाही आणि न आणण्याचा दंडही करायचा नाही. आपल्या हाताने केलेला प्रयत्न दिसला की पूर्ण गुण. तो घरी केला की मानखुर्दच्या बाईंसारखा वर्गात, फरक पडू नये. दोन्ही वेळी कोरा असेल तर बिनदिक्कत शून्य द्या. मग गॅलरीचं कारण उरत नाही.

शंकासुर

हेडसर, शेवटचं मान्य. वर्गात पुरं करायची मुभा असताना कोरी वही आली तर शून्य, एवढं पानावर ठळक असू द्या.

जाता जाता सांगतो, मी स्वतः क्लास चालवतो. चुका दुरुस्त करून दिल्या नाहीत तर पालक आठवड्यात क्लास बदलतात. "सरांनी वही बघितली नाही वाटतं" हे वाक्य आम्हालाही ऐकावं लागतं. धागाकर्तीने क्लासवाल्यांना दोष देण्यापेक्षा हे पालकांना सांगावं.

कांदिवलीकर

@शंकासुर, आता कळलं आकडे इतके पाठ कसे!

पण हे खरं आहे, त्यात आम्ही पालकच आहोत. ग्रुपवर रात्री साडेदहाला कोणीतरी टाकतं, "प्लीज कोणीतरी मॅथ्सचा होमवर्क पाठवा," आणि दोन मिनिटांत कोणाच्या तरी मुलाची पूर्ण सोडवलेली वही, चार फोटो. मग खाली अंगठ्यांची रांग. वही उतरवणं हा मुलांचा गुन्हा असेल तर हे काय? सहावी ब, पानावर पालकांच्या वागणुकीचाही एक परिच्छेद टाका. मी गंमत करत नाहीये.

अनुस्वार

+१. आणि शिक्षकांना रात्री मेसेज टाकण्याबद्दलही लिहा.

सहावी ब

सगळ्यांना एकत्र उत्तर देते, मसुदा पुन्हा लिहिलाय.

गोंधळाची कपात गेली. वागणूक फक्त नोंदींत, आणि नोंद माझ्या शब्दांत, सत्र संपण्याची वाट न बघता महिन्याच्या शेवटी डायरीत. गृहपाठाचं हेडसर म्हणाले तसं: स्वतःच्या हाताने केलेल्या प्रयत्नाला पूर्ण गुण, चूक असला तरी. घरी जमलं नाही तर पहिल्या तासाआधी किंवा मधल्या सुट्टीनंतरच्या दहा मिनिटांत वर्गात. तरीही कोरी राहिली तर त्या गृहपाठाचे गुण नाहीत. शंकासुर, ठळक केलंय.

प्रकल्प शाळेत, दोन तासांत, कार्डशीट आणि रंग शाळेचे. विकत आणलेली फाईल स्वीकारणार नाही. बटाट्यासारख्या ढगाला वेगळे गुण नाहीत पण कापणारही नाही. वाफेचं पाणी कुठे होतं हे तोंडी विचारीन, गुण त्याचे.

अनुस्वार यांचा वाराचा मुद्दा आज स्टाफरूममध्ये काढला. इंग्रजीच्या मॅडम लगेच तयार झाल्या, सोमवार-बुधवार गणित, मंगळवार-गुरुवार इंग्रजी. म्हणजे माझे चाराचे दोन दिवस झाले. तपासायच्या वह्या निम्म्यावर आल्या, त्यामुळे तक्रार नाही. इतिहासाचे सर अजून हो म्हणत नाहीत, त्यांना धड्याखालचे सगळे प्रश्न लिहूनच हवेत.

पालकांसाठी चार ओळी: सोडवलेल्या वहीचा फोटो ग्रुपवर टाकू नये. मूल आजारी असेल तर उदाहरणांचे क्रमांक विचारा, उत्तरं नकोत. रात्री आठनंतर आलेल्या मेसेजला सकाळी उत्तर मिळेल. श्रेणीबद्दल शंका असेल तर प्रगतिपुस्तक आणि आकारिकच्या नोंदवहीचं पान दोन्ही समोर ठेवून बोलू, कोणालाही बघायला मिळेल.

शेवटची ओळ लिहिल्यावर एका सहकाऱ्याने कपाळाला हात लावला. नोंदवही दाखवायची म्हणजे ती वेळच्या वेळी भरलेली असायला हवी!

आता शेवटचा प्रश्न. सभा शनिवारी सकाळी अकराला लावली आहे. येतात ते नेहमीचेच पंधरा-वीस पालक, आणि ज्यांच्याशी बोलायचं असतं ते येत नाहीत.

गिरणगाव

अकराला कोण येणार? दांडी मारली की दिवसाचा पगार जातो. संध्याकाळी सातला ठेवा, नाहीतर रविवारी.

मानखुर्दची बाई

रविवारी शाळा उघडायला शिपाईदादा मिळणार नाहीत, संध्याकाळच बरी. आणि पान नुसतं हातात देऊन सोडू नका, मोठ्याने वाचून दाखवा. काहींना वाचता येत नाही, ते सांगत नाहीत, घडी घालून पिशवीत ठेवतात. मी मुलांनाही आईबाबांशेजारी बसवते. "चूक असली तरी खोडू नका" हे बाईंच्या तोंडून दोघांनी एकदम ऐकलेलं बरं, म्हणजे घरी गेल्यावर उलटतपासणी होत नाही.

सहावी ब

संध्याकाळी साडेसहा आणि मुलांसकट. मुख्याध्यापकांना उद्या विचारते. आधी दिवे आणि पंख्यांचं विचारतील, मग मुलांचं.